जुना फ्लॅट विकताना घर पाहून गेलेल्यांच्या बोलण्याचा अर्थ कसा लावावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील राहता फ्लॅट पुनर्विक्रीस काढलेल्या कुटुंबांना समोर ठेवून हे प्रश्न घेतले आहेत. आकड्यांची उदाहरणे पुण्यातील आहेत. मुद्रांक शुल्काचा दर शहरागणिक थोडा बदलतो. बाकीचा हिशेब महाराष्ट्रात सर्वत्र जवळपास असाच चालतो.

घर पाहायला येणारा प्रत्येक जण काही ना काही खोट काढतो. ते सगळे मनावर घ्यायचे का?

सगळे घेऊ नये, कारण येणाऱ्यांत सगळे ग्राहक नसतात. काहींना येत्या दोन-तीन महिन्यांत घर घ्यायचे असते, काही जण नुसती चाचपणी करत हिंडत असतात, आणि एखादा तर शेजारच्या इमारतीतला स्वतःचा फ्लॅट काढण्यापूर्वी भाव कळावा म्हणून आलेला असतो. या तिघांनी एकच वाक्य उच्चारले तरी त्याचे वजन सारखे नसते. शिवाय घासाघीस सुरू होण्यापूर्वी मालाला नावे ठेवणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे; तिचा राग मानण्याचे कारण नाही.

म्हणून माणूस काय म्हणाला यापेक्षा त्याने काय विचारले आणि घरात काय केले, हे आधी पाहावे. 'स्वयंपाकघर लहान आहे' असे म्हणता म्हणता जो फ्रिजच्या जागेची रुंदी टेपने मोजतो, त्याने मनातल्या मनात आपला फ्रिज तिथे ठेवून पाहिलेला असतो. 'छान आहे हो घर' म्हणत दारातूनच खोल्या पाहून सात-आठ मिनिटांत चप्पल घालणाऱ्याकडून मात्र फारशी आशा धरू नये, त्याने कितीही कौतुक केले तरी.

'घरी विचारून कळवतो' याचा अर्थ काय घ्यायचा?

बहुतेक वेळा नकार. तोंडावर नाही म्हणणे आपल्याकडे जड जाते, म्हणून हे वाक्य कामाला येते. अपवाद ओळखण्याची खूण सोपी आहे: खरोखर घरी विचारणारा माणूस जाण्यापूर्वी दुसऱ्या भेटीबद्दल काहीतरी बोलतो. रविवारी आईवडिलांना घेऊन आलो तर चालेल का, सकाळी ऊन कुठून येते ते पाहायचे आहे, अशा प्रकारचे. दुसरी भेट हाच पुनर्विक्रीच्या बाजारातला पहिला खरा होकार असतो आणि त्या भेटीत जे आक्षेप निघतात ते पहिल्या भेटीतल्यांपेक्षा कितीतरी अधिक गांभीर्याने घ्यावेत. सासूबाई तिसऱ्या मजल्यापर्यंत थांबत थांबत चढल्या आणि 'जिने फार आहेत' म्हणाल्या, तर तो विषय त्या घरात आता रोज निघणार आहे, हे धरून चालावे.

फोन पुष्कळ येतात पण पाहायला कोणी येत नाही. किंवा पाहायला येतात पण बोली कोणीच लावत नाही. या दोन्हींतून वेगळे काही कळते का?

होय, आणि शब्दांपेक्षा हेच अधिक विश्वासाने कळते. फोनवर मजला, लिफ्ट, पार्किंग, कार्पेट क्षेत्रफळ आणि किंमत एवढे ऐकून माणसे गळत असतील, तर घराच्या रंगरंगोटीवर खर्च करण्यात अर्थ नाही, कारण त्यांनी घर पाहिलेलेच नाही. अशा वेळी किंमत तरी त्या परिसराच्या मानाने वर आहे किंवा जाहिरातीतला मजकूर अपुरा आहे. येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला लिफ्ट नसल्याचे दारात आल्यावर कळत असेल तर ते जाहिरातीतच लिहावे. फोन कमी येतील, पण येणारा माणूस ते मान्य करून आलेला असेल.

माणसे येतात, पाहतात आणि निघून जातात, असे होत असेल तर घरात पाऊल टाकल्यावर त्यांना काहीतरी खटकते आहे. अंधार, ओलीचा वास, किंवा छायाचित्रांत मोठी दिसलेली आणि प्रत्यक्षात पलंग लावल्यावर वावरायला जागा न उरणारी खोली, ही नेहमीची कारणे आहेत. माणसे दुसऱ्यांदा येतात, किमतीवर बोलणे होते आणि मग थांबतात, तर दोष बहुधा कागदपत्रांत किंवा पैशांच्या जुळणीत असतो. विक्रेत्याने एका वहीत तारीख, कोणामार्फत आले, काय विचारले आणि कोणत्या टप्प्यावर थांबले एवढेच लिहून ठेवले तरी महिनाभरात चित्र स्पष्ट होते.

एकाच गोष्टीबद्दल किती जणांनी तक्रार केली म्हणजे ती खरी मानायची?

यासाठी ठरीव आकडा नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या, वेगवेगळ्या एजंटांकडून आलेल्या तीन-चार जणांनी न विचारता तीच गोष्ट काढली तर ती खरी मानावी. एकाच एजंटाने आणलेल्या पाच जणांनी तेच म्हटले तर मात्र थोडे थांबावे. जिना चढतानाच त्याने त्यांना काय सांगितले हे तुम्हाला ठाऊक नसते. ओल आणि कागदपत्रे या दोन बाबतींत एकाचे म्हणणेही पुरेसे आहे, कारण त्या गोष्टी तपासता येतात.

सगळेच 'किंमत जास्त वाटते' म्हणतात. मग किंमत उतरवायची का?

या एका वाक्याखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिली गोष्ट, किंमत खरोखरच जास्त असू शकते. हे पडताळण्याचे साधन विक्रेत्याच्या हातात आहे, तरी ते फार कमी लोक वापरतात. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदवलेल्या दस्तांचा शोध घेता येतो आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला 'इंडेक्स टू', पाहता येतो. त्यात ठरलेला मोबदला, शासकीय बाजारमूल्य, क्षेत्रफळ आणि नोंदणीची तारीख असते. आपल्या इमारतीतील किंवा गल्लीतील गेल्या वर्षभरातील दोन-तीन व्यवहार पाहिले की 'जोशींचा फ्लॅट एक कोटीला गेला' या सोसायटीतील चर्चेत किती तथ्य आहे ते कळते. जाहिरातीतल्या किमतींशी तुलना करू नये. त्या मागितलेल्या किमती असतात, मिळालेल्या नव्हेत. रेडी रेकनरचा, म्हणजे शासनाने ठरवलेला, दर हा मुद्रांक शुल्कासाठीचा आधार आहे, त्यावरून आपल्या घराचा भाव ठरवणे दोन्ही बाजूंनी फसवे ठरते.

दुसरी शक्यता अशी की किंमत वाजवी आहे, पण ग्राहकाकडे हातातली रक्कम कमी आहे, आणि ते सांगण्याचा संकोच त्याला वाटतो. हा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. समजा घर ८० लाखांचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँकेला घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च त्या मूल्यात धरला जात नाही. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ६४ लाख, स्वतःचे १६ लाख. पुणे महापालिकेच्या हद्दीत ७ टक्के दराने मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार आणि नोंदणी फी ३० हजार. असे सुमारे २१ लाख ९० हजार रुपये ग्राहकाला स्वतःच्या खिशातून उभे करावे लागतात. एजंटाची दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च वेगळा.

आता तुम्ही किंमत ३ लाखांनी कमी करून ७७ लाखांवर आणलीत, तर त्याच्या खिशातून जाणारी रक्कम फक्त ८१ हजारांनी कमी होते. उरलेला फायदा कर्जाच्या हप्त्यात पसरतो. दुसरीकडे, घर केवळ पत्नीच्या नावे घेतले तर स्त्री खरेदीदारांना मिळणाऱ्या १ टक्का सवलतीमुळे ८० लाखांवर त्याचे ८० हजार वाचतात आणि तुमचा एक रुपयाही जात नाही. अर्थात नाव कोणाचे लावायचे हा त्या घरातला प्रश्न आहे आणि बँकेच्या कर्जाच्या पात्रतेशीही तो जोडलेला असतो, पण ही माहिती ग्राहकापुढे ठेवायला हरकत नाही. ज्याची अडचण हातातल्या पैशांची आहे त्याला किमतीतल्या कपातीपेक्षा त्याचा स्वतःचा जुना फ्लॅट विकून पैसे येईपर्यंत मिळालेली दोन महिन्यांची सवड अधिक उपयोगी पडते. म्हणून किमतीची तक्रार आली की आधी 'कर्ज किती मंजूर होईल असे बँकेने सांगितले आहे?' हा साधा प्रश्न विचारावा.

तिसरी गोष्ट म्हणजे 'या घरासाठी' किंमत जास्त वाटते. इमारतीला लिफ्ट नाही, पाण्याचा टँकर आणावा लागतो, नवी फरशी बसवावी लागेल, अशी काहीतरी वजाबाकी त्याने मनात केलेली असते. ती कोणती, हे विचारल्याशिवाय किंमत उतरवली तर नेमके कशाचे पैसे सोडले तेच तुम्हाला कळत नाही आणि पुढचा ग्राहक त्याच कारणासाठी पुन्हा कपात मागतो.

'घर लहान वाटते' असे ऐकायला येते. करारनाम्यात तर ९५० चौरस फूट लिहिले आहे.

ते ९५० कोणते, हे आधी पाहावे. २०१७ मध्ये महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, सुरू होण्यापूर्वीच्या पुष्कळ करारनाम्यांत बिल्ट-अप (भिंतींसह) किंवा सुपर बिल्ट-अप (जिना, लॉबी यांचा वाटाही धरून) क्षेत्रफळ लिहिलेले असते. रेरा कायद्याच्या व्याख्येनुसार कार्पेट क्षेत्रफळात फ्लॅटच्या आतील भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत. आजचा ग्राहक नव्या प्रकल्पांचे कार्पेटचे आकडे पाहून तुमच्याकडे आलेला असतो, त्यामुळे ९५० ऐकून तो आला आणि आत त्याला ७०० च्या आसपास जागा दिसली तर घर त्याला आहे त्याहून लहान वाटते आणि तुमच्याबद्दलही शंका येते. वास्तुविशारदाकडून किंवा निदान स्वतः टेपने मोजून कार्पेटचा आकडा जाहिरातीत द्यावा. त्यानंतरही तक्रार राहिली तर अर्धे सामान हलवून पाहावे. पोटमाळ्यावर न मावलेले सामान, न वापरलेले शिवणयंत्र आणि वर्तमानपत्रांची रद्दी यांनी बाल्कनी भरलेली असेल, तर ती बाल्कनी कोणालाही मोजून दाखवता येत नाही.

एका ग्राहकाने पाहता पाहता भिंतीला अंगठा दाबून पाहिला आणि काही न बोलता गेला. काय समजावे?

त्याला ओलीचा संशय आला. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीचा रंग फुगलेला असला की तिथे अंगठा दाबला जातोच, आणि पापुद्रा खाली पडला की त्या भेटीत पुढे काहीही सांगितले तरी ते ऐकू जात नाही. विक्रीपूर्वी त्यावर रंगाचा हात मारण्याचा मोह होतो, तो टाळावा. नव्या रंगाचा एकच चौकोन जुन्या भिंतीवर असा उठून दिसतो की ओल लपवली आहे हे त्यातूनच जाहीर होते.

गळती कुठली आहे त्यावर खर्च कोणाचा हे ठरते. संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक नळांतून होणारी गळती दुरुस्त करणे हे संस्थेचे काम आहे. वरच्या फ्लॅटमधील संडास, न्हाणीघर किंवा मोरीतून होणारी गळती तो सदस्य स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करतो. त्यामुळे संस्थेला रीतसर पत्र देऊन काम करून घ्यावे, आणि झालेल्या कामाचे बिल ग्राहकाला दाखवावे. पावसाळ्यात घर दाखवायला अनेक जण कचरतात. माझ्या मते, दुरुस्ती झालेली असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये कोरडी राहिलेली भिंत दाखवण्याइतका चांगला पुरावा नाही.

वास्तूच्या कारणावरून नकार येतो. दार दक्षिणेला आहे, ते आम्ही कसे बदलणार?

बदलू नका. ज्याची श्रद्धा खरी आहे त्याला जाहिरातीत दिशा वाचूनच कळू द्यावे, म्हणजे दोघांचाही रविवार वाचतो. मात्र तासभर घर पाहून, पार्किंगची चौकशी करून झाल्यावर अचानक ईशान्येचा संडास आठवत असेल, तर ती बहुधा सभ्य सबब असते आणि खरे कारण दुसरेच असते.

लिफ्ट, पार्किंग आणि पाणी या तक्रारींचे काय करायचे?

या तिन्हींचा विचार किमतीतच करावा लागतो, कारण त्या तुमच्या हातात नाहीत. पार्किंगबाबत मात्र एक काळजी घ्यावी. मोकळी जागा आणि स्टिल्टखालील (इमारतीखालच्या खांबांमधील) पार्किंग बिल्डर स्वतंत्रपणे विकू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला आहे आणि संस्थेतील वाटप संस्था करते. त्यामुळे 'पार्किंग आहे' असे मोघम न सांगता संस्थेने दिलेले वाटपाचे पत्र दाखवावे, किंवा नसेल तर तसे सांगावे. कोथरूड, कर्वेनगरसारख्या भागांतील लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतींत आणखी एक गंमत दिसते: अर्धे ग्राहक जिन्यामुळे नाही म्हणतात आणि काही जण इमारत पुनर्विकासाला जाईल या आशेवर त्याच जिन्याचे अधिक पैसे द्यायला तयार होतात. अशा ग्राहकाचे कौतुक ऐकून हुरळून जाऊ नये. संस्थेचा ठराव झाला आहे का, जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर होणे) किंवा मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) झाले आहे का, हे तो विचारणारच आहे, आणि उत्तर 'बोलणी चालू आहेत' एवढेच असेल तर त्याची बोलीही तितकीच पोकळ राहील.

ग्राहक सारखे कागदपत्रांबद्दल विचारतो. त्याला आमच्यावर विश्वास नाही का?

उलट, तो घेण्याच्या विचारात आहे. भागदाखला (संस्थेचे शेअर सर्टिफिकेट) तुमच्या नावावर आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, मूळ करारनामा कुठे आहे, कर्ज बाकी आहे का, संस्थेची थकबाकी किती, हे प्रश्न विचारायला माणूस सहसा तेव्हाच लागतो जेव्हा तो बँकेत जाऊन आलेला असतो. या प्रश्नांना 'मिळेल हो, सगळे क्लिअर आहे' असे उत्तर देणे हे चांगला ग्राहक गमावण्याचे सर्वांत सामान्य कारण असावे. घर वडिलांच्या नावावर असेल आणि भावंडांनी हक्कसोड पत्र अजून केलेले नसेल, तर घर पाहणाऱ्यांचे अभिप्राय गोळा करत बसण्यापेक्षा ते काम आधी संपवावे.

संस्थेच्या ना-हरकत पत्राविषयीही भीती असते. आदर्श उपविधींनुसार भाग हस्तांतरणासाठी असे पत्र सक्तीचे नाही, पण कर्ज देणारी बँक ते मागते, म्हणून ते काढून ठेवलेले बरे. महापालिका क्षेत्रात संस्थेला हस्तांतरण प्रीमियम (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करण्याचे शुल्क) २५,००० रुपयांहून अधिक घेता येत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगितले की त्याची एक धास्ती कमी होते.

एजंट सांगतो तो अभिप्राय कितपत खरा मानावा?

एजंटाला व्यवहार लवकर व्हावा असे वाटते आणि किंमत दोन लाखांनी उतरली तर त्याच्या दलालीत फक्त दोन-चार हजारांचा फरक पडतो, हे लक्षात ठेवून ऐकावे. तो खोटे बोलतो असे नाही. दहा कारणांपैकी किमतीचे कारण तो अधिक ठळकपणे सांगतो इतकेच. म्हणून 'पार्टीला आवडले का?' असे न विचारता, त्यांनी त्या दिवशी आणखी कोणती घरे पाहिली आणि शेवटी कोणते घेतले, हे विचारावे. हरलेल्या बोलीपेक्षा जिंकलेल्या घराची माहिती अधिक शिकवते. दोन गल्ल्या पलीकडे लिफ्ट असलेले घर चार लाख अधिक देऊन घेतले, एवढे कळले तरी तुमच्या जिन्याची किंमत कळते.

एका ग्राहकाला किंमत मान्य आहे, पण काही रक्कम रोख देतो म्हणतो.

मान्य करू नये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड स्वीकारलेल्या रकमेइतका होऊ शकतो. असा प्रस्ताव देणाऱ्याची 'किंमत मान्य आहे' ही प्रतिक्रिया तुमच्या नोंदवहीत किंमत मान्य असल्याची नोंद म्हणून धरू नये.

भाद्रपदात अचानक सगळे गप्प झाले. घराबद्दल वाईट बोलले जात आहे का?

पितृपक्षात अनेक कुटुंबे घर पाहतात, पण बोली लावत नाहीत आणि टोकन तर नाहीच देत. त्या पंधरवड्यातील शांततेवरून किंमत उतरवू नये. दसऱ्यापर्यंतही कोणी परतले नाही तर मग वही काढावी.

आम्ही परदेशात राहतो. घर चुलतभाऊ दाखवतो. अभिप्राय अर्धवट पोहोचतात.

तुमच्या बाबतीत एक आक्षेप घराशी संबंधित नसतो आणि तो चुलतभावापुढे कोणी स्पष्ट बोलतही नाही. निवासी विक्रेत्याच्या ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरावर ग्राहक १ टक्का करकपात करतो; विक्रेता अनिवासी असेल तर कपात बरीच अधिक दराने आणि वेगळ्या पद्धतीने करावी लागते, आणि चूक झाली तर जबाबदारी ग्राहकावर येते. त्या भीतीने माणसे मागे सरतात. आयकर विभागाकडून कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र मिळवण्याची तयारी सनदी लेखापालाकडून आधी करून घ्यावी, आणि मुखत्यारपत्र कोणाच्या नावे आहे ते पहिल्या भेटीतच दाखवायला सांगावे.

टोकन घेतले. आता ग्राहकाच्या प्रतिक्रियांकडे लक्ष देण्याची गरज संपली का?

अजून एक प्रतिक्रिया यायची असते आणि ती ग्राहकाची नसून त्याच्या बँकेची असते. बँकेचा मूल्यांकनकार घर पाहून जातो, वकील कागद तपासतो आणि मंजूर नकाशात नसलेली बंद केलेली बाल्कनी किंवा जोडलेली खोली त्यांच्या अहवालात येते. मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आले तर कर्ज कमी मिळते आणि तेवढी रक्कम ग्राहकाला स्वतः घालावी लागते. अशा वेळी ग्राहक 'थोडे बसून बोलू' असा निरोप पाठवतो. त्यावर चिडण्यापेक्षा अहवालातील आकडा आणि कारण लेखी मागावे. कारण मोजमापातील चूक असेल तर ती दुरुस्त करून दुसऱ्या बँकेकडे जाता येते, आणि बंद बाल्कनी असेल तर पुढचा ग्राहकही त्याच बँकांच्या दारात जाणार आहे. मूल्यांकन कमी आल्यास टोकनचे काय करायचे, किती दिवसांत परत करायचे, हे इसारपावतीतच लिहून घेतलेले असले तर हे बोलणे अर्ध्या तासात संपते.